स्पिटफायरचं स्टिअरिंग: रॅक उघडण्याआधी ट्रनियन बघा

जुन्या गाड्यांचं काम शिकू पाहणारी नाशिकची मुलं मला विचारतात, "स्टिअरिंगला प्ले आहे, रॅक कुठे मिळेल?" प्ले म्हणजे ढिलेपणा, आणि रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी पट्टी. रॅक मिळेल. पण दोष रॅकचाच आहे हे कशावरून ठरवलंत? स्टिअरिंगच्या कामात निम्मे पैसे आणि सगळा धीर या एका प्रश्नाच्या उत्तरावर जातो.

मी इथे ट्रायम्फ स्पिटफायरबद्दल लिहितोय, कारण माझा हात त्याच गाडीवर बसला. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही दोन सीटची गाडी. तिचं पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ हेरल्डवरून घेतलेलं आहे आणि हेरल्ड १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीच्या कारखान्यात बनत होती. म्हणून ब्रिटिश स्पोर्ट्स कार कधी न पाहिलेल्या जुन्या मिस्त्रीनेही हिच्यासारखा पुढचा भाग उघडलेला असू शकतो. असा माणूस भेटला तर त्याच्या हाताखाली झाडू मारायची तयारी ठेवा. व्हिडिओ बघून रॅकचं माप कळतं, पण आटे झिजलेत की नुसते कोरडे पडलेत हे बोटांना कळायला शेजारी कुणीतरी जाणता लागतो.

प्लेची तपासणी तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. चाक हवेत उचला. ते डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खडखडलं तर टाय रॉड एंड (रॅकचा दांडा चाकाच्या बाजूला जोडणारा सांधा) किंवा रॅकच्या आतला बॉल जॉइंट. वर-खाली धरून हलवा आणि सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर वरचा बॉल जॉइंट किंवा खालचा ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो आट्यांचा पितळी सांधा. नंतर चाकं जमिनीवर ठेवून स्टिअरिंग हलकं हलवायला लावा आणि खालून रॅकवर हात ठेवा. अख्खा रॅकच चासिसवर सरकत असेल तर यू-बोल्टखालचे रबर गेलेत. इंजिनचं ऑइल गळून ते लोण्यासारखे मऊ होतात. स्वस्त वस्तू आहे, घाबरू नका.

आता सापळा. स्टिअरिंग जड लागतं, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. सगळे म्हणतात रॅक आवळला गेलाय. माझ्याकडे आलेल्या गाडीत आधीच्या गॅरेजने रॅकच्या डँपरखाली (रॅकला दाबून धरणारा भाग) शिम, म्हणजे पातळ चकत्या, वाढवून तो सैल केला होता. त्यामुळे जडपणा तसाच राहिला आणि वर प्ले आला. मग प्ले जावा म्हणून टाय रॉड एंड बदलले, तरी जैसे थे. मीही सुरुवातीला त्याच वाटेने गेलो, कारण जडपणा हातात जाणवतो आणि हात स्टिअरिंगवर असतो. खरा दोष दोन्ही चाकांशी, खाली होता.

स्पिटफायरमध्ये व्हर्टिकल लिंकच्या (चाक धरून ठेवणारा उभा दांडा) खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक पितळी ट्रनियनमध्ये बसतं. स्टिअरिंग वळवलं की लिंक त्या आट्यांत फिरते. म्हणजे हा सस्पेन्शनचा भाग असूनही स्टिअरिंगचा पिव्हट तोच आहे. तिथे ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं, ईपी ९०. पुन्हा लिहितो: गिअर ऑइल. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, वर घट्ट होऊन बसतं, आणि आपल्याकडे त्र्यंबक रस्त्याला एक पावसाळा झाला की खाली पाणी साचतं. लिंकच्या मानेवर गंज चढतो, खड्डे पडतात, आटे जड फिरू लागतात. पुढे एक दिवस लिंक तुटते आणि चाक आडवं पडतं. पूर्ण लॉक मारून, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून, पार्क करताना तुटली तर तुम्ही वाचलात. कसारा घाटात तुटली तर काय होईल ते लिहायचीही माझी इच्छा नाही. निपल दिसला की ग्रीस गन लावायची सवय सगळ्या गॅरेजेसना आहे, म्हणून नवी घेतलेली गाडी आधी इथे उघडा.

ओळखायचं कसं? दोन्ही टाय रॉड एंड सोडवा. नट काढून स्टिअरिंग आर्मच्या टेपरवर दोन बाजूंनी दोन हातोड्या मारल्या की सांधा सुटतो. बूट फाडणारा काटा वापरू नका. आता स्टिअरिंग फिरवा. रॅक मऊ फिरला तर तो निर्दोष आहे. मग एकेक चाक हाताने वळवून बघा. जे अडतं, गुन्हेगार तिथे. एवढी एक चाचणी आधी कुणी सांगितली असती तर माझे कितीतरी दिवस वाचले असते.

आणि आता नाशिकचा धोका. अंबड, सातपूरला लेथवर काय बनत नाही? बुश, स्लीव्ह, पिन, सगळं उत्तम होतं. तिथल्या टर्नरच्या हाताला मी मानतो. पण झिजलेली लिंक नेली तर एखादा म्हणेल, "वेल्डिंगने भरून देतो, नवे आटे पाडतो." नको. ती फोर्ज केलेली स्टील आहे, वेल्डची उष्णता तिची ताकद कुठे आणि किती कमी करेल ते डोळ्यांना दिसत नाही. गंजाचा खड्डा असलेली लिंक टाकून द्या, शंका असेल तर क्रॅक टेस्ट करून घ्या. स्टिअरिंगमध्ये जुगाड करणाऱ्या माणसाला मी गुरू मानत नाही, मग त्याच्या दुकानात कितीही चकचकीत गाड्या उभ्या असोत.

बसवताना दोन गोष्टी. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट असतात, म्हणून भाग सोडवताच खुणा करा. ट्रनियन शेवटपर्यंत आवळून तसाच ठेवू नका. थोडा मागे घ्या, दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक मोकळा मिळाला पाहिजे. तळाशी टेकलेला ट्रनियन लॉक मारताना लिंकच पिळतो.

बोल्ट इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटवर १३चा पाना बसतो खरा, पण ०.३ मिमी मोकळा राहतो आणि कोपरे घासले जातात. इंची सेट घ्या, पहिल्या पगारातून घ्या. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) आणि स्प्लिट पिन दरवेळी नवे. सस्पेन्शनच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, हवेत आवळलेला रबर लवकर फाटतो.

हे सगळं एकदम जमणार नाही, त्याने खचून जाऊ नका. सुरुवातीला एकच बाजू उघडा, दुसरी बघायला तशीच ठेवा. जोडून झालं की ग्रीस गनमध्ये गिअर ऑइल भरून, ते वरच्या सीलमधून डोकावेपर्यंत दाबा, आणि मग अलाइनमेंटला जा. पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा ऑइल. गन वेगळी ठेवा आणि तिच्यावर लाल रंगाने "ऑइल" लिहा, म्हणजे गॅरेजमधलं दुसरं कुणी तिच्यात ग्रीस भरणार नाही.