दोन दुर्गम विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

पॅसिफिकमधलं ईस्टर आयलंड आणि अटलांटिकमधलं सेंट हेलेना ही दोन्ही बेटं महासागरात एकाकी आहेत आणि दोन्हीकडे विमानतळ आहे. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये ही नावं टाकली की अंतर सुमारे १०,५०० किमी आणि वेळ तेरा तासांच्या आसपास येतो. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र प्रवाशाच्या काहीच कामाचा नाही, कारण या दोन बेटांमध्ये थेट विमानसेवाच नाही.

दुर्गम ठिकाणांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: पृथ्वीच्या गोलावरचं सर्वात कमी अंतर म्हणजेच आपला मार्ग, असं धरून चालणं. प्रत्यक्षात ईस्टर आयलंडहून चिलीतलं सँटियागो, तिथून साओ पाउलो, मग जोहान्सबर्ग आणि शेवटी सेंट हेलेना असं जावं लागतं. टप्प्यांची बेरीज १७,५०० किमीच्या घरात जाते. त्यात जोहान्सबर्गहून सेंट हेलेनाला रोज विमान नसतं, वर्षाचा बराच काळ आठवड्यातून एकच फेरी असते. ती चुकली की आठवडा गेला. म्हणून आखणी शेवटाकडून करा. सगळ्यात कमी फेऱ्या असलेल्या टप्प्याचा वार आधी पक्का करा आणि बाकीची तिकिटं त्याला जुळवून काढा. सेंट हेलेनाची धावपट्टी जोरदार, दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांसाठी ओळखली जाते, त्यामुळे मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवाच. टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकल्याचा भुर्दंड बहुधा तुमच्याच माथी येतो.

दुसरी चूक वेगाची. बहुतेक कॅल्क्युलेटर ताशी ८०० ते ९०० किमी, म्हणजे जेटचा वेग धरतात. आखूड धावपट्टीवर जेट उतरतंच असं नाही. तिथे पंख्यांची छोटी विमानं असतात: एटीआर ७२ ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, त्याहून लहान ट्विन ऑटर तर ३०० च्या आसपासच. ६०० किमीचं अंतर जेटला पाऊण तासाचं, ट्विन ऑटरला दोन तासांचं. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी अर्धा तास धरा.

वाऱ्याचा हिशेबही सुटतो. सँटियागोहून ईस्टर आयलंडला जाताना समोरून पश्चिमी वारे लागतात, त्यामुळे येण्यापेक्षा जायला साधारण तासभर जास्त लागतो. एकाच दिशेची वेळ पाहून परतीचं जोडविमान ठरवू नका.

तारखेकडे विशेष लक्ष द्या. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस कॅलेंडरमधून वगळून आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. शेजारच्या अमेरिकन सामोआतलं पागो पागो विमानाने तासाभराच्या आत येतं, पण तिथलं घड्याळ पूर्ण २४ तास मागे आहे. सोमवारी निघालात की रविवारी उतरता! हॉटेलचं बुकिंग नेमकं इथेच फसतं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यांची सरळ वजाबाकी करू नका. दोन्ही आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, आणा.

एकक तपासा: विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो, तो १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा.

उत्तर अगदीच विचित्र आलं, तर बहुधा विमानतळच चुकलाय. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे, आणि नावावरून तिकीट काढून भलत्याच सिडनीला पोहोचलेले प्रवासी आहेत. नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. अक्षांश-रेखांश भरत असाल तर दक्षिण आणि पश्चिमेसाठी उणे चिन्ह दिलंय ना, ते बघा.