कल्पनारम्य कादंबरी अडली? आधी या चुका तपासा

कल्पनारम्य कादंबरी अडली की लेखक आधी कल्पनाशक्तीला दोष देतो. तिचा दोष क्वचितच असतो. सात चंद्र आणि बोलणारी झाडं सुचायला एक संध्याकाळ पुरते. गाडी रुतते ती साध्या गोष्टींत: घोडा दिवसाला किती चालेल, गडावर पाणी कुठलं, वाटेत माणसं खातात काय. आणि या गोष्टी कल्पनारम्य पुस्तकांत फारशा सापडत नाहीत.

वही भरते, प्रकरण होत नाही

नकाशा तयार, राजघराण्यांच्या वंशावळी तयार, देवांची भांडणंही तयार. पहिलं प्रकरण मात्र कोरं. यावर हटकून इंग्रजी कल्पनारम्य लेखक टोल्कीन यांचा दाखला येतो, की त्यांनी नाही का वर्षानुवर्षं जग रचलं? रचलं खरं. पण 1937 मध्ये 'द हॉबिट' गाजल्यावर त्यांनी आपल्या पुराणकथा प्रकाशकाकडे दिल्या, तेव्हा प्रकाशकाला त्या नको होत्या. त्याला हॉबिटांची, म्हणजे त्या पुस्तकातल्या बुटक्या माणसांची, पुढची गोष्ट हवी होती. त्याच डिसेंबरात ती सुरू झाली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' म्हणून 1954-55 मध्ये छापून आली. पुराणकथांचं 'द सिल्मरिलियन' निघालं 1977 साली, टोल्कीन गेल्यानंतर, मुलाच्या संपादनाखाली.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. नव्या कादंबरीत जादूच्या अंगठीचं रूप बदललं, तसं त्यांनी 'द हॉबिट'मधलं, ती अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या गॉलमचं कोड्यांचं प्रकरणच बदललं. 1951च्या आवृत्तीत ते वेगळं आहे. म्हणजे आधी सगळं ठरवून ठेवलंच पाहिजे असं त्या गुरूंच्याही घरी नव्हतं. या प्रकरणात नायक जिथवर चालणार तिथवरचाच नकाशा काढा. पुढचं पुढे.

जादू फुकट मिळते

मध्यावर आलं की वाचक विचारतो, "मग हा मंत्र म्हणून सुटत का नाही?" याचं उत्तर नसेल तर दोष मध्यात नाही, सुरुवातीला आहे.

जुलै 1660 आठवा. पन्हाळा ते विशाळगड, साठेक किलोमीटर, भर पाऊस, चिखल, अंधार आणि मागे सिद्दी जौहरची माणसं. महाराजांकडे उडता गालिचा असता तर बाजीप्रभूंना खिंडीत उभं राहावंच लागलं नसतं, आणि आपल्याकडे ती गोष्टही नसती. अंतर आडवं आलं म्हणून ती घडली. तुमच्या जादूगाराला काय जमत नाही आणि जे जमतं त्याची किंमत तो कशात मोजतो, झोपेत, रक्तात की आठवणींत, हे कागदावर लिहा. मग ती किंमत दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच एखाद्या किरकोळ कामासाठी वसूल करून दाखवा. शेवटच्या लढाईत अचानक सांगितलेला नियम वाचकाला पळवाट वाटतो. बरोबरच वाटतो.

खाण्याचंही तेच. इंग्रजी लेखिका डायाना विन जोन्स यांनी 'द टफ गाइड टु फँटसीलँड'मध्ये (1996) अशा कादंबऱ्यांतल्या प्रवाशांची यथेच्छ थट्टा केली आहे: जो तो मुक्कामाला रस्सा शिजवतो, आणि तो शिजायला तासन् तास लागतात हे कुणाच्या ध्यानात नसतं. मराठी हस्तलिखितांतही हा रस्सा शिरलाय. अहो, शिदोरीला दशम्या द्या, सातूचं पीठ द्या, गूळ-चणे द्या! शत्रू मागावर असताना चूल कोण पेटवतं?

वाचन एकाच फडताळातलं

ही सगळ्यात मोठी चूक, कारण बाकीच्या बहुतेक हिच्याच पोटातून येतात. कल्पनारम्य मालिका वाचूनच कल्पनारम्य लिहिलं की दुसऱ्याने चाळलेलं पीठ आपण पुन्हा चाळत बसतो. जुनी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं, वाचा. नदीला उतार कुठे होता, बाजार कुठल्या वारी भरायचा, कुठल्या घाटातून बैल जायचे, हे तिथे आयतं मिळतं.

संवाद आणि नावं अडली असतील तर 'लीळाचरित्र' उघडा. जुनं बोलणं म्हणजे "हे आर्या, आपली आज्ञा शिरसावंद्य" असा टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांनी समज करून दिलाय. तेराव्या शतकातल्या त्या गद्यात वाक्यं तोकडी आहेत, माणसं प्रश्न विचारतात, रुसतात, जेवतात. आणि नावं बघा: म्हाइंभट, महदाइसा, बाइसा. 'झॅरॉथ'पेक्षा ही नावं आज जास्त परकी वाटतात आणि तरी जिभेवर बसतात.

वेळ नाही, ही तक्रार खरी असते. अमेरिकन कल्पनारम्य लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी एका मुलाखतीत आपला आदर्श दिवस सांगितला होता: सव्वासातला लिहायला बसायचं, बाराला जेवायचं, एक ते तीन वाचन आणि संगीत, रात्री आठनंतर आपलं डोकं चालत नाही, असंही त्या म्हणाल्या. नोकरी करणाऱ्याला हे वेळापत्रक जमणार नाही, पण त्यात वाचनाला स्वतःची जागा होती एवढं तरी उचलावं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर ती वाचनाचीच वेळ. फोनवर लिहिण्याचा हट्ट तिथे नको.

पहिला वाचक चुकीचा

हस्तलिखित आपल्यासारख्याच चाहत्याला दिलं तर तो राहिलेल्या जागा मनानेच भरून घेतो. त्याऐवजी कधी राक्षसाची गोष्ट न वाचणाऱ्या मावशीला द्या, नाहीतर शेजारच्या काकांना. "आवडलं का?" विचारू नका, भिडेपोटी हो म्हणतील. कुठल्या पानावर ठेवून दिलं आणि परत उचलायला किती दिवस लागले, एवढंच विचारा. त्या पानाच्या आधीची दहा पानं पुन्हा लिहायला घ्या.