निकाहनाम्यावर सही करण्याआधी

मुलींनो, निकाहनाम्याचा, म्हणजे लग्नाच्या कराराचा, कोरा फॉर्म काझींकडून आठवडाभर आधीच मागवा. ऐन मंडपात ओढणी सावरत वाचून होत नाही. आधी मेहर बघा, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. रक्कम आकड्यात नि अक्षरी हवी, लगेच किती नि नंतर किती हेही. मी तर म्हणते, सोनं ग्रॅममध्येच लिहून घ्या. रुपयाची किंमत उतरते.

मग अटी: शिक्षण, नोकरी आणि मुख्य म्हणजे तफवीज, नवऱ्याने तलाकचा हक्क बायकोला देणं. शरियतमध्ये याला जागा आहे, मागायला अजिबात लाजू नका. एका दमात दिलेला तलाक २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरला. पण तुम्हालाच नांदायचं नसेल तेव्हा तफवीजची ही ओळच कामी येते. फॉर्मवर जागा नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून दोन्ही साक्षीदारांच्या सह्या घ्या. एक प्रत माहेरी ठेवा. सरकारी विवाहनोंदणीही लगोलग करा.