डेस्कटॉपवर लावलेले आयकॉन परत परत जुने होतात? हे करून बघा

विंडोज १० किंवा ११ वर आपण धिस पीसीला, फोल्डरला, ब्राउझरला आवडीचे आयकॉन लावतो आणि एक दिवस कॉम्प्युटर चालू करावा तर सगळे पहिल्यासारखे, किंवा नुसता पांढरा कागद. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाव न वाचता चित्र बघून क्लिक करतात त्यांचं तर कामच अडतं, त्यामुळे हे एकदा नीट करून ठेवाच.

मुळात विंडोज ते चित्र शॉर्टकटमध्ये ठेवत नाही, ते कुठे आहे तेवढा पत्ता लिहून ठेवतं. डाउनलोड्समधून आयकॉन लावला आणि महिन्याभराने डाउनलोड्स साफ केलं (किंवा स्टोरेज सेन्सला, म्हणजे नको असलेल्या फाइल्स आपोआप काढणाऱ्या विंडोजच्या सोयीला, ते काम लावून दिलेलं असेल तर त्याने केलं) की पत्ता राहतो पण चित्र नाही. पेनड्राइव्हवरून लावलात तर पेनड्राइव्ह काढल्यावर तेच. म्हणून सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, सगळ्या आयसीओ (.ico, आयकॉनच्या चित्राच्या) फाइल्स त्यात टाका आणि तिथूनच परत लावा, नंतर त्या फोल्डरला हात लावू नका, नावसुद्धा बदलू नका. डॉक्युमेंट्समध्ये शक्यतो नको, कारण वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू केला की तो फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातो आणि पत्ता बदलतो. आणि पीएनजी (.png) चित्राचं नुसतं नाव बदलून आयसीओ होत नाही, नीट कन्व्हर्ट करून घ्या.

आता कुठले आयकॉन गेले ते बघा, त्यावरूनच कारण कळतं.

फक्त धिस पीसी आणि रिसायकल बिन बदलले असतील तर हे थीमचं काम. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, तिथे डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज उघडा आणि खालची 'अलाउ थीम्स टू चेंज डेस्कटॉप आयकॉन्स' ची टिक काढून अप्लाय करा. ही टिक आधीपासून असतेच आणि कोणी बघत नाही. रिसायकल बिनचे भरलेला आणि रिकामा असे दोन आयकॉन असतात, दोन्ही वेगवेगळे बदलावे लागतात.

एखाद्याच सॉफ्टवेअरचा गेला असेल तर बहुतेक अपडेट झालंय आणि इन्स्टॉलरने स्वतःचा शॉर्टकट परत टाकलाय. मग आपला वेगळा शॉर्टकट करायचा, त्याला मराठीत नाव द्यायचं, म्हणजे 'इंटरनेट' किंवा 'हिशोब' असं काहीतरी, आणि राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. नाव वेगळं असलं की इन्स्टॉलर सहसा त्याच्यावर लिहीत नाही. असे तयार शॉर्टकट त्याच सी ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, गडबड झालीच तर परत पेस्ट केले की झालं.

फोल्डरचा आयकॉन गेला तर आत डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपवलेली फाइल असते ती उडाली असणार. लपवलेल्या फाइल्स दिसायला लागल्या की लोक कचरा समजून ती डिलीट करतात, कृपया करू नका, आयकॉनची माहिती तिच्यातच असते. गेलीच असेल तर प्रॉपर्टीजमधल्या कस्टमाइझ टॅबवरून आयकॉन परत लावा, फाइल आपोआप तयार होते.

आणि सगळेच आयकॉन एकदम पांढरे किंवा भलतेच दिसत असतील तर आयकॉन कॅश, म्हणजे विंडोजने आयकॉन पटकन दाखवायला साठवून ठेवलेल्या प्रती, बिघडलाय. आधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा. मग टास्क मॅनेजर उघडून विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून एंड टास्क द्या, स्क्रीन रिकामी होईल, घाबरू नका. टास्क मॅनेजरमधूनच रन न्यू टास्क, ब्राउझ, खाली ऑल फाइल्स निवडा, मग सी ड्राइव्ह, यूझर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर असं आत जा आणि आयकॉनकॅश ने सुरू होणाऱ्या फाइल्स तिथल्या तिथे डिलीट करा, बाकी कशाला हात नको. मग त्याच रन न्यू टास्कमध्ये इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करून एंटर मारा, डेस्कटॉप परत येतो आणि कॅश नव्याने बनतो.