दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत परड्यात रंग

दिवाळी आली की बेळगावात शेवंतीच्या कुंड्या घरोघरी येतात आणि तुळशीचं लग्न आटपेपर्यंत माना टाकतात. आपल्याच मातीतली तीन झुडपं मृगाच्या पावसावर लावली, तर हा खर्च वाचतो.

पहिली जागा पाहा. कुंपणालगत, उन्हात कोरांटी. नर्सरीत कन्नडातून ‘गोरंटे’ म्हटलं की लगेच कळतं. पिवळीला काटे असतात, ती कुंपणाला बरी, जांभळी-पांढरी दारापुढे. जून कांडीचे वीतभर तुकडे करून दोन पेरं मातीत जातील असे खोचा, तीन-तीन फुटांवर. पावसात मुळं आपोआप धरतात. सप्टेंबरअखेर कळ्या दिसतात, डिसेंबरपर्यंत फुलं.

झाडाखालच्या अर्ध्या सावलीत भूतकेस. जांबोटीकडं जाताना पावसाळ्यात हिरव्या झाडीत पांढरी पानं दिसतात ना, तेच. ती पानं नव्हेतच, फुलाचं एक निदल, म्हणजे पाकळ्यांखालचं दल, तेवढं वाढून पांढरं झालेलं असतं. खरं फूल मधे, छोटं, नारिंगी चांदणीसारखं.

तिसरी धायटी, आणि माझा सगळा जीव हिच्यावर. कोरांटी संपत आली की हिच्या लांब, वाकलेल्या फांद्यांवर पानांच्या बगलेत लाल नळ्यांचे झुबके येतात, ते पार उन्हाळ्यापर्यंत. पान उलटून बघा, खाली बारीक काळे ठिपके दिसतील. ओळखायची हीच खूण. आसवं-अरिष्टं ही औषधं आंबवायला वैद्य हीच फुलं घालतात. शिंजीर पक्षी सकाळी ठाण मांडून असतो.

खानापूरच्या लाल, जांभ्याच्या मातीत दीड फुटाचा खड्डा आणि दोन पाट्या शेणखत पुरे. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात मात्र मुरूम मिसळून फूटभर उंच वरंबा करा. बहिणीच्या निपाणीच्या परड्यात मी वरंबा न करता तशीच धायटी लावली होती. श्रावणात मुळं कुजून गेली. कोरांटी सोडून बाकीच्या दोन झाडांत सहा फूट ठेवा.

रोपं नर्सरीतूनच घ्या. भीमगड अभयारण्यातून उपटून आणणं गुन्हा आहे, आणि जंगलातलं मोठं झाड उपटलं की बहुतेक जगतही नाही.

पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी. पुढं कोरांटी, धायटी फारसं मागत नाहीत. भूतकेसाला तेवढा ओलावा ठेवा.

छाटणी बहर संपल्यावरच: कोरांटी माघात गुडघ्याएवढी, धायटी मे महिन्यात. आमच्याकडं एका वर्षी गणपतीच्या साफसफाईत कोरांटी ‘नीटनेटकी’ कापली गेली. दसऱ्याला फुलं विकत आणावी लागली.