वेब होस्टिंग घेताना या चुका टाळा

गुढीपाडवा जवळ आला की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांचे फोन सुरू होतात. पेट्यांचं बुकिंग घ्यायचं असतं आणि साइट उघडत नाही. कुणाला पानावर ‘५०८’ दिसतं, कुणाला डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश, तर कुणाच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या पत्त्यावर, भलत्याच जाहिराती. आंब्याच्या थेट विक्रीचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यातले चार दिवस साइट बंद राहिली, तर तेवढं गिऱ्हाईक दुसऱ्या बागेकडे गेलेलं असतं.

होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला सतत चालू असलेल्या संगणकावर (सर्व्हरवर) भाड्यानं घेतलेली जागा. अशा वेळी सगळे विचारतात, ‘होस्टिंगला कुठली कंपनी चांगली?’ माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ज्या होस्टिंगमधून तुम्ही आठवड्याभरात सगळं सामान घेऊन बाहेर पडू शकता, ते चुकीचं निघालं तरी निभावून नेता येतं. बाहेर पडता येत नसेल तर चांगल्या कंपनीतही अडकायला होतं. खालच्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो. साइट करून देणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. तो डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या खात्यातून घेतो, कारण त्याला ते सोपं जातं. त्यात फसवण्याचा हेतू क्वचितच असतो. पण दोन वर्षांनी तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो, नंबर बदलतो, आणि रिन्यूअलची सूचना त्याच्या कुठल्यातरी जुन्या मेलवर पडून राहते. होस्टिंग हा भाड्याचा गाळा आहे, डोमेन हा सातबारा. गाळा बदलता येतो. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असेल तर तुम्हाला हलता येत नाही.

आजच तपासा. डॉट कॉम असेल तर डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकलं की ते कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) आहे आणि मुदत कधी संपते ते कळतं. डॉट इनचा कारभार निक्सीकडे आहे, त्याचीही माहिती अशीच शोधता येते. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, त्यामुळे खरी परीक्षा वेगळी: त्या रजिस्ट्रारच्या खात्यात तुम्ही स्वतः लॉगिन करू शकता का, आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर संबंध चांगले असतानाच डोमेन मागून घ्या. बऱ्याच रजिस्ट्रारकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात डोमेन सरकवण्याची सोय असते, ती सर्वांत सोपी. रजिस्ट्रारच बदलायचा असेल तर ट्रान्सफर कोड लागतो. त्यातही नव्यानं नोंदवलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम साधारण ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. म्हणजे हंगामाच्या तोंडावर हे काम सुरू करून उपयोग नाही.

डोमेनवर जाहिराती दिसू लागल्या, तर होस्टिंगच्या सपोर्टशी तासभर वाद घालण्याआधी मुदत पाहा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतो. हे दिवस किती, ते रजिस्ट्रारप्रमाणे बदलतं, जास्तीत जास्त ४५. त्यानंतर ३० दिवस डोमेन सोडवून घेता येतं, पण त्यासाठी दंडासारखं जबर शुल्क पडतं. शेवटी ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येईल असं मोकळं होतं.

इथे एक खास भारतीय अडचण आहे. पॅनलमध्ये ‘ऑटो रिन्यू’ चालू दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी ई-मँडेट, म्हणजे तशी आगाऊ परवानगी, नोंदवलेलं असावं लागतं. ते नसेल तर पेमेंट होत नाही, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत हे जास्त घडतं. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि यूपीआयनं स्वतः पैसे भरा.

पहिल्या वर्षाचा दर पाहून निर्णय घेणं

जाहिरातीत महिन्याला ९९ रुपये असतात. तो दर बहुतेकदा चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो, आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. एक उदाहरण मांडून बघू. ९९ रुपयांनी ४८ महिन्यांचे ४,७५२, जीएसटीसह ५,६०७. मग रिन्यूअल समजा महिन्याला ४४९ नं. पुढच्या दोन वर्षांचे जीएसटीसह १२,७१६. सहा वर्षांचा खर्च १८,३२३, म्हणजे महिन्याला सुमारे २५४ रुपये. शेजारची कंपनी पहिल्या दिवसापासून सरळ २०० रुपये आणि जीएसटी मागत असेल, तर तिचा हिशेब महिन्याला २३६ होतो.

स्वस्त ऑफर घेऊच नये असं मी म्हणत नाही. पहिली चार वर्षं वापरून निघून जाणार असाल तर ती खरोखरच स्वस्त आहे. पण मग निघून जाता आलं पाहिजे, आणि नव्या कंपनीचं पहिलंच पाऊल चार वर्षांचं नको. आधी एक वर्ष घ्या. रिन्यूअलचा दर पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरात असतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याच पानावर आधीच टिक केलेल्या जादा गोष्टी असतात, त्या काढून टाका. एसएसएलसाठी (पत्त्याआधी ‘https’ आणणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी) तर छोट्या दुकानानं वेगळे पैसे देऊच नयेत. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्ट ते आपोआप नवं करत राहतात. जीएसटी नोंदणी असेल तर खात्यात जीएसटी क्रमांक आधीच भरा, नाहीतर इनपुट क्रेडिट घेताना अडचण येते. ‘फ्री डोमेन’ही बहुधा पहिल्या वर्षापुरतंच असतं, आणि पैसे परत मागितले तर त्याची किंमत वजा होते.

‘अनलिमिटेड’ शब्दावर विसंबणं

अनलिमिटेड म्हणजे बहुतेक वेळा जागा आणि ट्रॅफिक मोजणार नाही, एवढंच. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि प्रत्येक खात्याला सीपीयू, मेमरी, एका वेळी चालणाऱ्या विनंत्या आणि फायलींची संख्या अशा मर्यादा घातलेल्या असतात. साइट पडते ती यातली एखादी मर्यादा गाठल्यावर, आणि या मर्यादा जाहिरातीत सहसा नसतात.

बागायतदाराचंच पाहा. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन हजार जणांना ‘पहिली पेटी आली’ असा संदेश जातो आणि पाच मिनिटांत शेकडो लोक लिंक दाबतात. एंट्री प्रोसेसची, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या विनंत्यांची, मर्यादा २० असेल तर एका क्षणी वीसच विनंत्यांवर काम होतं. पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल तर वीसही पुरतात. चार सेकंद लागत असतील तर रांग साचते आणि ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ झळकतं.

सपोर्टवाला लगेच महागडा प्लॅन सुचवेल. थांबा. सी-पॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) ‘रिसोर्स युसेज’ उघडा, नेमकी कुठली मर्यादा आणि किती वाजता गाठली गेली ते तिथे दिसतं. एंट्री प्रोसेस संपल्या असतील तर आधी कॅश (तयार पान साठवून ठेवण्याची सोय) चालू करा, म्हणजे तेच पान प्रत्येकासाठी नव्यानं बनत नाही. सर्व्हर लाइटस्पीड या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर त्याचं मोफत प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) हे काम चांगलं करतं. मेमरी संपत असेल तर एखादं जड प्लगइन शोधा. रात्री तीन वाजता आलेख वर गेला असेल तर ते गिऱ्हाईक नसून बॉट (साइटवर आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) असण्याची शक्यता जास्त, आणि बॉटसाठी प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे वाया. मात्र ऑर्डर भरण्याचं आणि पैसे देण्याचं पान कॅश करता येत नाही. तिथेच गर्दी होत असेल तर मोठा प्लॅन खरोखर लागतो, आणि तो हंगामापुरता वाढवून पुन्हा खाली आणता येतो का, हे आधी विचारून घ्यावं.

फायलींची मर्यादा, म्हणजे आयनोड, हळूहळू भरते. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये एक फोटो चढवला की त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती बनतात, आणि त्याच खात्यातल्या मेलही फायली म्हणूनच मोजल्या जातात. जागा शिल्लक दिसत असताना फोटो चढत नसेल किंवा मेल येणं थांबलं असेल, तर आयनोड तपासा.

बॅकअप कंपनीकडे आहे म्हणून स्वस्थ बसणं

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळून गेली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, अशा काहींचा डेटा कायमचा गेला. कंपनी लहान नव्हती, सर्व्हरही नवशिक्यांचे नव्हते.

होस्टच्या अटींमध्ये बॅकअपची अंतिम जबाबदारी ग्राहकाची असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. शिवाय रोजचा बॅकअप घेतो म्हणणारे काही होस्ट तो परत बसवून द्यायचे वेगळे पैसे घेतात. आठवड्यातून एकदा फायली आणि डेटाबेस दोन्ही गूगल ड्राइव्हवर किंवा घरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. यासाठी मोफत प्लगइन आहेत. आणि वर्षातून एकदा तरी तो बॅकअप रिकाम्या जागी बसवून पाहा. न तपासलेला बॅकअप ऐनवेळी अर्धवट निघालेला मी अनेकांकडे पाहिला आहे, आणि त्या वेळची त्यांची अवस्था बघवत नाही.

सर्व्हर कुठे आहे, हे न विचारणं

गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं असेल तर मुंबईतला सर्व्हर घ्या, सिंगापूरही चालेल. अमेरिकेतला सर्व्हर घेतला तर प्रत्येक फेरीला साधारण पाव सेकंद जातो, आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. दिवाळीचा फराळ दुबई आणि न्यू जर्सीला पाठवणाऱ्यांनीही सर्व्हर इथेच ठेवून पुढे सीडीएन (साइटच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरवरून देणारी सेवा) लावावं. क्लाउडफ्लेअरचा मोफत प्लॅन छोट्या साइटला पुरतो.

मेल आणि साइट एकाच टोपलीत ठेवणं

होस्टिंगबरोबर मिळणारा फुकट मेल मोहात पाडतो. पण शेअर्ड सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणी स्पॅम पाठवला तर त्याच आयपीवरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) जाणारी तुमची बिलंही स्पॅममध्ये जातात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांवरचे नियम कडक केले आहेत. एसपीएफ आणि डीकिम या, मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या डीएनएस नोंदी (डीएनएस म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंदवही) बसवलेल्या नसतील तर मेल पोचेल याची खात्री देता येत नाही. व्यवसायाच्या मेलसाठी झोहो किंवा गूगलसारखी वेगळी सेवा घ्यावी असं माझं ठाम मत आहे. होस्टिंग बदललं तरी जुना पत्रव्यवहार जागचा हलत नाही.

‘टॉप टेन’ याद्या आणि अपटाइमचे आकडे

अशा बऱ्याच याद्या कमिशनवर चालतात. शिवाय वेगवेगळी दिसणारी नावं एकाच घरातली असतात: ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि मूळचं मुंबईचं बिगरॉक हे तिन्ही न्यूफोल्ड डिजिटलकडे आहेत. एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाताना हे माहीत असावं. ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचा वेळ) म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, आणि ती ओलांडली तरी भरपाई म्हणून भाड्यातली थोडी सूटच मिळते, बुडालेल्या ऑर्डरी नाही.

याद्या वाचण्यापेक्षा पैसे भरण्याआधी रात्री अकरा वाजता चॅटवर विचारा: या प्लॅनमध्ये एंट्री प्रोसेस किती, आयनोड किती, बॅकअप परत बसवायला पैसे लागतात का, पूर्ण बॅकअप मला स्वतः उतरवता येतो का? आकड्यांत उत्तर मिळालं तर पुढे जा. ‘सर, इट्स अनलिमिटेड’ एवढंच मिळालं तर दुसरी कंपनी बघा.

घाईत होस्टिंग बदलणं

होस्टिंग बदलायला डोमेन ट्रान्सफर करावं लागत नाही. डोमेन आहे तिथेच राहू द्या आणि फक्त डीएनएस नव्या सर्व्हरकडे वळवा. नेमसर्व्हर, म्हणजे ही डीएनएसची नोंदवही ठेवणारा सर्व्हर, बदलत असाल तर जुन्या डीएनएसमधल्या सगळ्या नोंदींचा आधी फोटो काढा. एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) नव्या ठिकाणी भरायच्या राहिल्या की साइट चालते आणि मेल बंद पडतो, आणि ते दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या सर्व्हरवर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिची) कुठली आवृत्ती आहे ते लिहून घ्या. ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली आहे. नव्या सर्व्हरवर ८ असेल आणि थीम जुनी असेल तर पांढरं पान दिसतं. अशा वेळी तात्पुरती जुनी आवृत्ती लावून थीम अद्ययावत करा.

मराठी साइटसाठी सगळ्यांत नाजूक भाग अक्षरांचा. डेटाबेस हलवताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) जुळला नाही तर लेखांच्या जागी परकी चिन्हं किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. विचित्र चिन्हं असतील तर घाबरू नका. डेटा शाबूत असतो, वाचायची पद्धत चुकलेली असते, आणि सेटिंगमध्ये यूटीएफ८एमबी४ केल्यावर बहुधा अक्षरं परत येतात. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मात्र त्या प्रतीतून अक्षर परत मिळत नाही, मूळ सर्व्हरवरून योग्य सेटिंगनं पुन्हा उतरवावं लागतं. देवनागरी नावाचे फोटो झिप करून नेतानाही नावं बिघडतात, म्हणून फोटोंना रोमन अक्षरांत नावं द्यायची सवय लावा.

डीएनएस वळवण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (डीएनएसची जुनी नोंद इतरांकडे किती वेळ टिकते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. आपल्या संगणकातल्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं डोमेन कुठल्या आयपीवर ते फक्त त्या संगणकाला सांगणारी फाइल) नवा आयपी टाकून साइट आपल्या संगणकावर आधी तपासा: दोन-चार जुने मराठी लेख, एक ऑर्डर, एक पेमेंट, संपर्काचा फॉर्म. मग वळवा. जुनं होस्टिंग किमान पंधरा दिवस चालू ठेवा, आणि बंद करण्याआधी त्याचा एक शेवटचा पूर्ण बॅकअप उतरवून घ्या.