इंकजेट कधी छापतो, कधी रुसतो

पानावर आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या की लगेच शाई बदलू नका. आधी नोझल चेकचं पान (शाईची बारीक छिद्रं तपासणारी छापील नक्षी) काढा. नक्षी तुटक आली तर हेड क्लीनिंग (शाई फवारणाऱ्या हेडची सफाई) एकदा चालवा, पुन्हा नोझल चेक. तीन फेऱ्यांतही फरक नाही? थांबा. प्रिंटर बंद करून 12 तास तसाच ठेवा; वाळलेली शाई अनेकदा भिजून सुटते. सलग दहा वेळा क्लीनिंग केलं तर शाई फुकट जाते आणि आतलं वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारी गादी) भरतं. ते भरलं की प्रिंटर अडूनच बसतो.

पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये हेड लवकर सुकतं. आठवड्याला एक रंगीत पान छापा. भिंतीवरच्या बटणाने मात्र बंद करू नका (ही सवय घरोघरी असते): प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं तरच हेड नीट झाकणावर जाऊन बसतं.

जुलैत दुखणं वेगळं. कागद दमट होतो, दोन-तीन पानं एकदम ओढली जातात. रीम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ट्रेमध्ये 20-25 पानंच घाला, तीही फडफडवून. आप्पा बळवंत चौकातून आणताना 75 किंवा 80 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद मागा. पान ओढलंच जात नसेल तर रबरी रोलर ओलसर सुती कापडाने फिरवत पुसा.